मोझांबिकची फुलपाखरं आणि गोव्याचे व्हॉइसरॉय

गोव्यातल्या जुन्या घरात टपाल तिकिटांचा आल्बम निघाला आणि तो १९६१ च्या आधी शाळेत जाणाऱ्या कुणाचा असला, तर त्यात फुलपाखरांचं एक पान असण्याची शक्यता बरीच असते. तिकिटांवर नाव गोव्याचं नसतं, मोझांबिकचं असतं. गेल्या सहा-सात वर्षांत फोंडा, मडगाव, डिचोली आणि म्हापसा या भागांत मी असे चौदा आल्बम उघडून पाहिले. त्यातल्या अकरांमध्ये ही तिकिटं होती. पूर्ण संच एकाच ठिकाणी होता, बाकी ठिकाणी चार, सहा, नऊ अशी.

घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "याचे किती येतील?" तो प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर मी खाली सविस्तर देणार आहे. पण ही पानं उलटताना मला दुसराच प्रश्न पडत गेला. पोर्तुगीज सरकारने १९५३ मध्ये मोझांबिकसाठी फुलपाखरांची वीस तिकिटं काढली. तेच सरकार, तेच दशक, आणि सह्याद्रीच्या कुशीतल्या गोव्यासाठी एकही फुलपाखरू नाही. असं का? गोव्यात फुलपाखरांची काय वानवा होती? सत्तरीच्या किंवा सांग्याच्या रानात पाऊस ओसरल्यावर एक दिवस फिरून या, म्हणजे कळेल.

मी पेशाने यंत्र अभियंता. सव्वीस वर्षं कारखान्यात काढली, इतिहास नंतर शिकलो आणि तोही स्वतःच. त्यामुळे वस्तू हातात आली की ती कशी बनवली हे आधी बघायचं, मग ती कशासाठी बनवली ते, आणि शेवटी तिची किंमत, असा माझा क्रम असतो. इथेही तोच ठेवतो.

तिकिटावर फुलपाखरू नक्की कधी आलं याबद्दल संग्राहकांत गमतीदार वाद आहेत. हवाईची राणी लिलिउओकलानी हिच्या १८९१ च्या सुमाराच्या तिकिटावर तिच्या केसांत फुलपाखराच्या आकाराचा दागिना दिसतो; काहीजण तेच पहिलं मानतात. दागिना म्हणजे फुलपाखरू नव्हे, असं माझं मत. १९३० मध्ये बैरुतला रेशीम परिषद भरली तेव्हा लेबनॉनने रेशीमकिड्याचा पतंग तिकिटावर आणला, पण तो पतंग, आणि तोही धंद्यापुरता. खरंखुरं फुलपाखरू, केवळ फुलपाखरू म्हणून, आलं ते १९५० मध्ये सारावाकच्या एक सेंटच्या तिकिटावर. राजा ब्रूक्स बर्डविंग हे त्याचं नाव. आल्फ्रेड रसेल वॉलेसने ते सारावाकचा गोरा राजा जेम्स ब्रूक याच्या नावाने शास्त्रात नोंदवलं होतं. पंखांवर झगझगीत हिरव्या पट्ट्या मिरवणारं हे देखणं फुलपाखरू, आणि तिकीट मात्र एकरंगी काळं! छपाई कोरीवकामाची असल्यामुळे रेषा सुरेख आहेत, पण हिरवा रंग बघणाऱ्याने मनातच भरायचा. त्याच वर्षी स्वित्झर्लंडने बालकल्याणासाठी जादा पैसे आकारून विकायच्या तिकिटांवर कीटक आणि फुलपाखरं आणली, ती रंगीत होती आणि लोकांनी उचलून धरली.

मोझांबिकची तिकिटंही स्वित्झर्लंडमध्येच छापली गेली. ला शो-द-फों या घड्याळांच्या गावातला कूर्वाझिए हा छापखाना. तिथली पद्धत फोटोग्राव्ह्यूर, म्हणजे चित्र तांब्याच्या रुळावर अगदी बारीक खळग्यांच्या रूपात उतरवायचं. खळगा जितका खोल तितकी शाई जास्त, तितका रंग गडद. त्यामुळे पंखावरचा तपकिरी रंग केशरीत आणि केशरी पिवळ्यात हळूहळू विरघळत जातो, कुठे पायरी दिसत नाही. दहापटीचं भिंग लावून बघा. आजच्या ऑफसेट छपाईत रंगीत ठिपक्यांची फुलं-फुलं दिसतात, तशी इथे दिसत नाहीत. अक्षरांच्या कडा मात्र किंचित करवतीसारख्या दिसतात, कारण अक्षरंही त्याच खळग्यांतून छापलेली. नकली किंवा मागाहून छापलेलं तिकीट ओळखायला ही एवढी एक खूण बऱ्याचदा पुरते. घड्याळाच्या गावात छापलेलं तिकीट आहे हे भिंगाखाली पटतं. मी आयुष्यभर मशीनिंगच्या टॉलरन्सशी झगडलेला माणूस, मला तरी पटलं.

संचात दहा सेंताव्हुपासून वीस इश्कुदुपर्यंत वीस किमती. सगळी फुलपाखरं नाहीत, बरेच पतंगही आहेत. आपल्याकडे लिंबाच्या झाडावर जे काळं-पिवळं फुलपाखरू घिरट्या घालतं, त्याचा आफ्रिकी भाऊबंदही त्यात आहे. डिचोलीच्या एका आल्बममध्ये त्या तिकिटाखाली पेन्सिलीने बाळबोध अक्षरात 'आमच्या परसातले' असं लिहिलेलं होतं. शास्त्राच्या दृष्टीने चूक, पण त्या मुलाची नजर पक्की होती.

आता कशासाठी, हा भाग.

१९५१ मध्ये पोर्तुगालने घटना बदलली आणि 'वसाहत' हा शब्द काढून टाकला. मोझांबिक, अंगोला, गोवा हे सगळे आता 'सागरपारचे प्रांत' झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर वसाहती ठेवणं ही लाजेची गोष्ट ठरू लागली होती, तेव्हा आमच्या वसाहती नाहीतच, हे सगळं एकच पोर्तुगाल आहे, असं सांगायची ती युक्ती. आणि नेमकं त्याच काळात या प्रांतांची तिकिटं बदललेली दिसतात. १९५१ मध्ये अंगोलासाठी चोवीस पक्षी, मोझांबिकसाठी चोवीस मासे. १९५३ मध्ये अंगोलासाठी वन्य प्राणी, मोझांबिकसाठी फुलपाखरं. जगभरातल्या संग्राहकांनी हे संच विकत घेतले, त्यातून परकीय चलन मिळालं हा एक फायदा. दुसरा फायदा असा की आल्बममध्ये आफ्रिका म्हणजे एक सुंदर, निरागस, माणसं नसलेली बाग दिसू लागली. त्याच मोझांबिकमध्ये तेव्हा सक्तीची मजुरी चालू होती, कापूस सक्तीने लावून घेतला जात होता. तिकिटांवर मात्र पतंग आणि मासे. हे कुणी बसून ठरवलं होतं असा कागद माझ्यापाशी नाही आणि मी तसा दावाही करत नाही. पण संच एकापुढे एक मांडले की जे दिसतं ते दिसतं.

याच वर्षांत गोव्याच्या टपाल कचेरीत काय विकलं जात होतं ते आता बघू. १९४६ च्या मालिकेत वास्को द गामा, आफोंसु द आल्बुकेर्क, फ्रान्सिश्कु द आल्मैद, सेंट झेवियर, कवी कामोंइश, वैद्य गार्सिया द ओर्ता. १९५१ मध्ये फादर जुझे व्हाझ यांच्या जन्माची तीनशे वर्षं. १९५२ मध्ये सेंट झेवियरच्या मृत्यूची चारशे वर्षं. १९५६ मध्ये भारतातल्या पोर्तुगीज सत्तेला साडेचारशे वर्षं झाली म्हणून व्हॉइसरॉयांच्या तसबिरी आणि जुने नकाशे. १९५९ मध्ये जुनी नाणी. बहुतेक कारभार इतिहासाचा. फुलपाखरू एकही नाही.

मला वाटतं याचं उत्तर सोपं आहे. १९५३ मध्ये मोझांबिकवर पोर्तुगालशिवाय दुसऱ्या कुठल्या देशाचा दावा नव्हता, म्हणून तिथे फुलपाखरं परवडत होती. गोव्याचं तसं नव्हतं. १९५० मध्ये भारताने वाटाघाटींची मागणी केली होती, पोर्तुगाल बोलायलाच तयार नव्हतं म्हणून जून १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधली आपली वकिलात बंद केली. १९५४ मध्ये दादरा-नगर हवेली हातची गेली, १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रहींवर गोळीबार झाला. अशा वेळी गोव्याच्या प्रत्येक तिकिटाला कामाला लावलं होतं. ते काम म्हणजे 'आम्ही इथे साडेचारशे वर्षं आहोत' ही साक्ष देणं. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात फुलपाखराचा काय उपयोग?

१९५६ च्या मालिकेतलं एक तिकीट तर मराठी वाचकांनी मुद्दाम बघावं. त्यावर वसईचा सतराव्या शतकातला नकाशा आहे. वसई! चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये घेतलेली. त्यानंतर दोनशे सतरा वर्षांनी पणजीच्या टपाल खिडकीवर वसईचा किल्ला पोर्तुगीज भारत या नावाखाली विकला जात होता. नुसती गतवैभवाची हौस म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण त्याच सुमारास, डिसेंबर १९५५ मध्ये, पोर्तुगालने दादरा-नगर हवेलीला जाण्यायेण्याच्या हक्कासाठी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर दावा लावला होता. त्या दाव्याचा पाया काय, तर पेशव्यांशी झालेला १७७९ चा तह आणि त्यापाठोपाठच्या सनदा. म्हणजे तिकडे हेगमध्ये मराठी कागदांचा कीस पाडला जात होता आणि इकडे तिकिटावर वसई. १९६० मध्ये निकाल लागला. खाजगी माणसांच्या आणि मालाच्या ये-जा करण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला, सशस्त्र फौज आणि पोलीस नेण्याचा नाही; आणि १९५४ मध्ये भारताने वाट अडवली त्यात भारताची चूक नाही असंही म्हटलं. तिकीट मात्र तोवर हजारो पाकिटांवरून फिरून आलं होतं.

मग ही मोझांबिकची फुलपाखरं गोव्यातल्या आल्बमांत आली कशी? हा प्रवास समजायला थोडं मागे जावं लागतं. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्याच्या व्हॉइसरॉयच्या हाताखाली चालत होता. झांबेझी नदीकाठी जमीनजुमला केलेली गोवेकर घराणी होती. पुढे १८४२ मध्ये पणजीला वैद्यकीय शाळा सुरू झाली आणि तिथून शिकलेले डॉक्टर पोर्तुगीज आफ्रिकेत नेमणुकीवर जाऊ लागले. कारकून, शिक्षक, कस्टमचे नोकर, रेल्वेतले नोकर त्यांच्या मागोमाग गेले. विसाव्या शतकाच्या मध्यावर लोरेन्सु मार्किश (आजचं मापुतो) आणि बैरा या दोन बंदरांत गोवेकरांची चांगली वस्ती होती. जाणारे बहुतेक ख्रिस्ती घरांतले, हिंदू त्यामानाने थोडे. ही माणसं घरी पत्रं लिहीत, आणि पत्रावर तिथलं तिकीट लागे.

पण मी पाहिलेल्या अकरा आल्बमांपैकी सात हिंदू घरांतले होते, ज्यांचं आफ्रिकेत कुणीच नव्हतं. ही तिकिटं त्यांच्याकडे आली ती शाळेच्या बाकावरून. पणजीच्या लिसेंवमध्ये किंवा मडगावच्या एखाद्या शाळेत शेजारी बसणाऱ्या ख्रिस्ती मित्राकडून अदलाबदलीत. फोंड्याच्या एका काकांनी, वय त्यांचं आता ऐंशीच्या पुढे, मला दरसुद्धा सांगितला, "दोन फुलपाखरांना एक निझामाचं." त्यांचे मामा हैदराबादला होते, तिथून जुनी निझामाची तिकिटं येत. म्हणजे हैदराबादच्या मराठी घरातून निघालेलं तिकीट फोंड्यामार्गे सासष्टीतल्या ख्रिस्ती घरात आणि बैऱ्याचं फुलपाखरू उलट दिशेने. "आम्हाला झेवियर आणि आल्बुकेर्क कुणी घेईना," काका म्हणाले, "ते तर सगळ्यांकडेच पडलेले असायचे. फुलपाखराला भाव होता."

आता येऊ पैशांच्या प्रश्नावर.

स्पष्टच सांगतो. मोझांबिकच्या १९५३ च्या संचाची किंमत फार नाही. तो जगभरच्या संग्राहकांसाठीच भरपूर छापला होता आणि जगभर जपूनही ठेवला गेला. अगदी कोरा, मागचा डिंक शाबूत, हिंजची खूण नाही असा पूर्ण संच घ्यायला गेलात, तर चौघांनी बऱ्यापैकी हॉटेलात जेवण्याएवढा खर्च येतो. सुट्टी वापरलेली तिकिटं तर चहाच्या भावात. "सत्तर वर्षं जुनं आहे हो," असं मला नेहमी ऐकवलं जातं. जुनेपणाने किंमत येत नाही, दुर्मिळपणाने येते, आणि दुर्मिळ असूनही मागणारं कुणी हवं. कॅटलॉगमधला आकडा बघून हुरळूनही जाऊ नये. तो विक्रेत्याचा भाव असतो, तोही निर्दोष मालाचा. आणि अगदी खालचा आकडा तर निव्वळ विक्रेत्याच्या हाताळणीचा खर्च असतो. घरातला आल्बम विकायला गेल्यावर कॅटलॉगच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढे मिळाले तरी सौदा वाईट नाही, असा माझा अनुभव.

दोष बघायचे ते असे. तिकीट चिमट्याने उचलून पाठ करा. डिंकावर कागदी हिंजचा चट्टा आहे का? डिंक फारच गुळगुळीत, चकचकीत आणि दात्यांच्या टोकांवर ओघळलेला आहे का? असेल तर तो मागाहून लावलेला. कोरं तिकीट वेगळं करताना दात्यांची टोकं फाटून मऊ तंतू दिसतात. नव्या डिंकात ती ताठ, चिकटलेली होतात, बोटाला टोचतात. मग तिकीट उजेडासमोर धरा. हिंज ओढून काढताना कागदाचा पापुद्रा गेला असेल तर तिथे उजेड जास्त येतो. पुढून बघितलं तर फुलपाखरू अगदी ठणठणीत असतं, म्हणून ही तपासणी चुकवू नये.

आणि आपल्या गोव्याचा खास रोग म्हणजे तांबेरा. दमट हवेने कागदावर, विशेषतः दात्यांवर, तपकिरी डाग येतात. चार महिने पाऊस, बंद कपाट, त्यात प्लास्टिकची पानं: मी पाहिलेल्या चौदांपैकी बारा आल्बमांत हे डाग होते. रसायनाने ते काढून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका; डाग जातो तसा रंगही जातो. आल्बम उभे ठेवावेत, दाबून आडवे नाहीत, नाहीतर डिंक पानाला धरतो. पावसाळ्यात तर उघडूच नयेत. दिवाळीनंतर, कोरड्या दुपारी उघडून वारं द्यावं.

याच आल्बमांत फुलपाखरांची आणखी काही झगमगीत तिकिटं सापडतात: हंगेरीची, आखाती शेखांच्या लहानसहान अमिरातींची, भूतानची १९६८ ची, हलवलं की खोली दिसणारी प्लास्टिकची. यातल्या बऱ्याचशा तिकिटांच्या कोपऱ्यात शिक्का असतो आणि पाठीवर डिंक तसाच. म्हणजे ती कधी पाकिटावर लागलीच नाहीत, छापखान्यातून निघतानाच शिक्का मारून संग्राहकांना घाऊक विकली. मुलांना आवडत, आवडू देत. पैशाच्या दृष्टीने ती सोडून द्या. भूतानची मात्र चांगल्या स्थितीत असतील तर जपा, त्यांना हौशी गिऱ्हाईक आहे.

खरी किंमत कशाला? पाकिटाला. फुलपाखराचं तिकीट लावून मोझांबिकहून गोव्याला आलेलं, टपालात प्रत्यक्ष फिरलेलं अख्खं पाकीट. कोरे संच जगात भरपूर आहेत, पण अशी पाकिटं फार थोडी उरली. कारण उघड आहे. पत्र आलं की मुलं तिकीट कातरून घेत, पाण्यात भिजवत, सोडवत, वर्तमानपत्रात दाबून सुकवत आणि आल्बममध्ये लावत. पाकीट चुलीत जाई. जे तिकीट ढिगाने मिळतं ते वाचलं आणि जे एकमेव होतं ते जळलं.

पाकिटात काय असतं ते सासष्टीतल्या एका घरातल्या बिस्किटाच्या डब्यावरून सांगतो. त्या घरातल्या बाई नव्वदीला टेकलेल्या. त्यांचे थोरले भाऊ बैऱ्याला बंदरात कारकून होते. आल्बम धाकट्या भावाने केला होता, तो बाईंनी विकायला काढला, आणि भाव ऐकून त्यांचा चेहरा पडला. मी सहज विचारलं, पत्रं काही उरलीत का? तेव्हा तो डबा निघाला. अकरा पाकिटं. त्यातल्या सहांचे कोपरे कातरलेले, पाच अख्खी. त्या पाचांपैकी तीनांवर फुलपाखरं.

१९५४ च्या पाकिटामागे मुंबईचा शिक्का आहे. १९५७ च्या पाकिटामागे कराचीचा. एवढ्या दोन शिक्क्यांत आपला सगळा नाकेबंदीचा काळ आहे. १९५५ मध्ये भारताने सीमा आवळली, मुरगावहून कॅसलरॉकला जाणारी रेल्वे बंद पडली. त्याच वर्षी पोर्तुगीजांनी दाबोळीचा विमानतळ आणि स्वतःची छोटी विमान कंपनी सुरू केली, तिची विमानं दमण, दीव आणि कराचीला जात. ही वाक्यं पुस्तकात वाचायला मिळतात. पण एका भावाने बहिणीला लिहिलेलं पत्र खरोखरच कोणत्या वाटेने घरी आलं, हे पाकिटाची पाठ सांगते, आणि दुसरं कोणी सांगत नाही.

तिकिटांची बेरीजही बोलते. १९५७ च्या पाकिटावर मोठ्या किमतीची दोन फुलपाखरं आहेत, कारण ते विमानाने आलं. पत्र लिहिणाऱ्याला विमानाचा खर्च झेपत होता, किंवा काहीतरी तातडीचं होतं. पत्र आत आहे, रोमी कोकणीत. आईच्या दुखण्याची चौकशी आहे. म्हणजे दुसरं कारण.

अशा पाकिटांना आता भाव आहे म्हणूनच बनावट पाकिटंही निघतात. जुन्या कोऱ्या पाकिटावर धुतलेलं तिकीट चिकटवायचं, झालं. ओळखायची खूण: टपालाचा शिक्का तिकिटावरून उतरून पाकिटावर गेलेला हवा, आणि त्याचा गोल दोन्हीकडे अखंड जुळायला हवा. तिकिटाच्या कडेला शिक्क्याची रेघ एक केसभर जरी सरकली असेल तरी थांबा. शिक्क्याची तारीख, मागच्या शिक्क्याची तारीख आणि दोहोंतले दिवस जुळतात का ते पाहा. पत्त्यातलं देशाचं नावही पाहा: त्या काळात लिहिणारे पोर्तुगीज भाषेत 'इश्तादु द इंदिया' म्हणजे 'भारत राज्य' असं लिहीत.

हे नाव डिसेंबर १९६१ ला संपलं. १९ तारखेला पोर्तुगीज सत्ता गेली, २९ तारखेपासून गोव्यात भारतीय तिकिटं सुरू झाली, जुनी ५ जानेवारी १९६२ पर्यंत चालवून घेतली. त्या आठवड्यातली, भारतीय आणि पोर्तुगीज दोन्ही तिकिटं लावलेली पाकिटं संग्राहक शोधत असतात, पण त्यातली पुष्कळशी संग्राहकांनीच हौसेने पोस्ट केलेली. तिकडे मोझांबिकमध्ये त्याचा सूड निघाला. तिथल्या भारतीय नागरिकांना छावण्यांत डांबलं, मालमत्ता गोठवल्या आणि हजारोंना देशाबाहेर घालवलं. पोर्तुगीज नागरिकत्व असलेले गोवेकर मात्र बहुतेक राहिले. बाईंचे भाऊ राहिले. डब्यात डिसेंबर १९६१ नंतरचं पाकीट नाही.

पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं ते १९७४ च्या शेवटी, तिथली हुकूमशाही कोसळल्यावर; आणि जून १९७५ मध्ये मोझांबिकही स्वतंत्र झालं. गोव्याच्या टपाल खिडकीवर फुलपाखरं मिळाली ती १९८१ मध्ये, भारताने चार तिकिटांचा संच काढला तेव्हा. त्यात सर्वांत मोठ्या, दोन रुपयांच्या तिकिटावर पूर्व हिमालयातलं कैसर-ए-हिंद आहे. राणी व्हिक्टोरियाची ही पदवी प्रजासत्ताकाच्या तिकिटावर फुलपाखराच्या पाठीवर बसून आली, याची मला अजून गंमत वाटते. सह्याद्रीतलं त्या चारांत कुणी नव्हतं.

बाईंनी शेवटी आल्बम विकला, तोही माझ्या सांगण्यावरून. त्याच्यासाठी थांबण्यासारखं काही नव्हतं आणि पावसाळा तोंडावर होता. पाकिटं ठेवली. त्यांच्या नातीने अकराही पाकिटांची दोन्ही बाजूंची छायाचित्रं घेतली आहेत, आतली सात पत्रं लिप्यंतर करायचं काम चालू आहे. कातरलेल्या सहा पाकिटांनाही मी टाकू दिलं नाही. तिकीट गेलं असलं तरी चारांच्या पाठीवर पोचल्याचा शिक्का स्पष्ट आहे, आणि एकाच्या कापलेल्या कोपऱ्याच्या कडेला बैऱ्याच्या शिक्क्याची अर्धी कड उरली आहे. वर्ष तिकिटाबरोबर गेलं. पत्रात मात्र तारीख आहे, आणि पहिल्याच ओळीत धाकट्या भावाला उद्देशून लिहिलंय की या वेळचं फुलपाखरू नवीन आहे, नीट काप.